कडी आतून हवी

सोयाबीन घरात आलं, त्याला बरा भाव मिळाला (हा ‘तर’ मोठा आहे, पण असो), दिवाळी पार पडली की आमच्या वाशिम जिल्ह्यात घरोघरी काही ना काही ‘काढलं’ जातं. कुणी स्वयंपाकाचा ओटा नवा करतं, कुणी न्हाणीत टाइल्स बसवतं, कुणी नुसताच रंग देतं. अलीकडे त्यात समोरचं दार बदलण्याची हौस वाढलेली दिसते. जुनं उधई लागलेलं, पावसाळ्यात फुगणारं, अर्धवट लागणारं दार काढायचं आणि तिथं कोरीव गणपतीचं नाही तर लाकडासारखी छपाई केलेलं स्टीलचं दार बसवायचं. घराची शोभा वाढते, पाहुणे विचारतात, ‘कितीला पडलं?’ यजमान समाधानानं आकडा सांगतात.

दार बदलायला माझी ना नाही. उलट वेळेवर बदलावंच. फक्त ते ठरतं कसं ते जरा बघा. दुकानात कोण जातं? घरातले कर्ते पुरुष. सुतार माप घ्यायला येतो आणि आपण समोर उभ्या असताना विचारतो, ‘साहेब कधी येतील?’ रंग, नक्षी, कुलूप, नावाची पाटी सगळं तिकडेच ठरतं. आणि त्या दाराशी दिवसभर झटापट कुणाची? सकाळी दूधवाला, मग कचऱ्याची घंटागाडी, पोरांची शाळेची घाई, भाजीवाली, गॅसचं सिलिंडर, मीटरचं रीडिंग घेणारा, शेजारचं वाटीभर साखरेसाठी आलेलं लेकरू, दुपारी कुरिअरवाला. मैत्रिणींनो, एक दिवस मोजून बघा आपण किती वेळा दार उघडतो आणि लावतो. जो माणूस सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येतो, त्याच्यासाठी दार दिवसातून दोनदाच असतं. आपल्यासाठी ते चुलीइतकंच रोजचं.

वऱ्हाडात दाराला ‘कवाड’ म्हणतात. हा शब्द माझ्या कानाला दारापेक्षा वजनदार लागतो. आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा हे वेशींचं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशी नावं तिथं आजही लोकांच्या तोंडी आहेत. वेस ज्या गावाकडे तोंड करून उभी, त्या गावाचं तिला नाव. श्रीमंत व्यापाऱ्यांचं गाव, त्यामुळे लुटीची भीतीही तशीच. जुन्या वाड्यांची दारं याच भीतीतून घडली. जाड सागवानी फळ्या, त्यावर लोखंडी खिळे, आणि मागे भिंतीत आरपार सरकणारी आगळ. मोठं दार रोज उघडायचंच नाही, त्यातलीच छोटी दिंडी उघडायची, म्हणजे येणाऱ्याला मान वाकवूनच आत यावं लागतं. आत येणारा एका वेळी एकच, आणि तोही वाकलेला. सुरक्षिततेचा केवढा विचार त्यात होता!

त्याच वाड्याला एक परसदारही असायचं. विहिरीकडे, गोठ्याकडे, शेजारणीकडे जाणारं. ते बायकांचं दार. समोरच्या दारानं कोण आलं-गेलं याचा हिशेब पुरुष ठेवायचे, परसदाराचा हिशेब कुणी ठेवत नसे. आता बाराशे फुटांच्या प्लॉटवर घर बांधताना पहिला बळी जातो तो या मागच्या दाराचा. जागा वाचते, एका चौकटीचा खर्च वाचतो. पण मग घराला बाहेर पडायची वाट एकच उरते आणि तिच्यासमोर दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असतात. आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर काय हा विचार तर फार दूर.

ज्यांच्याकडे सागवान परवडायचं नाही, त्यांच्याकडे ताटी असायची. बांबूच्या कामट्यांची विणलेली, दोरीनं बांधलेली. ज्ञानेश्वर रुसून आत बसले तेव्हा मुक्ताबाईनं ज्या दारासमोर उभं राहून त्यांची समजूत काढली ते दारही ताटीचंच होतं, म्हणून तर त्या रचनांना ताटीचे अभंग म्हणतात. मला नेहमी वाटतं, आपल्याकडे दाराबाहेर उभी राहून आतल्या भावाला चार शब्द सुनावणारी बहीण एवढ्या आदरानं जपली गेली आहे, पण दाराआत एकटी असलेल्या बाईचं काय, याबद्दल फारसं कुणी बोललेलं नाही.

दार नकोच, असं म्हणणारंही एक गाव आपल्या महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं (तेव्हाचा अहमदनगर) नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर. शनिदेव राखण करतो म्हणून घरांना दारं-कुलपं नाहीत, ही त्या गावाची ख्याती. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा उघडली तीही ‘बिनकुलपाची’ म्हणून देशभर गाजली. २०१५ साली तिथं पोलीस ठाणंही सुरू झालं. आता गंमत बघा. ज्या गावात घराला दार नाही, त्याच गावात देवाच्या चौथऱ्याचं दार बायकांना बंद होतं. मोठं आंदोलन झालं, मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की जिथं पुरुषांना जाता येतं तिथं जाण्यापासून बायकांना अडवता येणार नाही, आणि त्याच महिन्यात ८ तारखेला, पाडव्याच्या दिवशी, चौथरा सगळ्यांना खुला झाला. दार लाकडाचंच असतं असं नाही, एवढंच यातून घ्यायचं.

आता खेड्यात चला.

बचत गटांच्या कामानं माझं जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि तांड्यांवर जाणं-येणं असतं. घरकुल योजनेतून बांधलेली घरं आता गावोगाव दिसतात. १९८५ पासून इंदिरा आवास होती, २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. सपाट भागासाठी एका घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. सिमेंट, लोखंड, रेती, विटा, मिस्त्रीची मजुरी यांचे भाव आपल्याला माहीत आहेत. पाया झाला, भिंती चढल्या, छत पडलं, तोवर पैसे संपतात. मग उरतं काय? दार! लोखंडाची चौकट बसलेली असते, कारण ती भिंतीसोबतच बसवावी लागते, पण तिच्यात झडप नसते. तिथं जुनी साडी टांगलेली. नाही तर जुन्या घराचं दार आणून टेकवलेलं, ते चौकटीपेक्षा चार बोटं लहान. मी अशी घरं पाहिली आहेत ज्यांच्या भिंतीवर योजनेचं नाव सुबक अक्षरात रंगवलंय आणि दाराच्या जागी खताच्या पोत्यांचा शिवलेला पडदा आहे.

रिसोड तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटातली एक बाई आहे. नवरा वारला, दोन मुली, मोठी दहावीला. साडीच्या पडद्याआड तिनं दोन पावसाळे काढले. रात्री ती स्वतः दारात आडवी झोपायची, पोरी आत. ‘मीच कवाड होतो ताई,’ असं ती हसत सांगते, आणि आपल्याला काही हसू येत नाही. पुढे गटातून कर्ज काढून तिनं पत्र्याचं दार करून घेतलं. वेल्डरनं छान चौकोनी पाइपच्या फ्रेमवर पत्रा मारून दिला. मी मुद्दाम बघायला गेले. बाहेरून भक्कम कडी-कोयंडा, कुलपाची सोय. आणि आतून? आतून काहीच नाही. एक भोक पाडून त्यात सुतळी ओवलेली, ती खुंटीला गुंडाळायची.

मी वेल्डरला विचारलं, बाबा, आतून कडी का नाही? तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘कोणी सांगतच नाही जी. कुलूप कुठं लावाचं एवढंच सांगतात.’

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी गेले की आधी दाराची मागची बाजू बघते. तुम्हीही बघा. कितीतरी घरांत बाहेरच्या बाजूला जय्यत तयारी असते आणि आत एक हलकी चिटकणी, तीही दोन खिळ्यांवर लोंबणारी. म्हणजे घरात कुणी नसताना धान्य, भांडी, टीव्ही यांचं काय होईल, याची काळजी दारानं घेतलेली असते. घरात बाई असताना तिचं काय, याची घेतलेली नसते. कुलूप सामानासाठी असतं आणि आतली कडी माणसासाठी, हा साधा फरक आपल्या डोक्यात कधी शिरणार? दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला रात्री डोळ्याला डोळा लागावा, पोरीला निर्धास्त अभ्यास करता यावा, कपडे बदलता यावेत, यासाठी लागणारी वस्तू किती किमतीची? हार्डवेअरच्या दुकानात मजबूत कडी आणि चार स्क्रू यांना एका साध्या साडीइतकेही पैसे पडत नाहीत.

बाहेरच्या कडीची दुसरीही बाजू आहे. म्हातारी सासू घरात, बाकी सगळे रानात, म्हणून बाहेरून कुलूप लावून जायचं. ‘ती पडेल, कुठं जाईल, कुत्रं शिरेल’ ही काळजी खरी असते, त्यात दुष्टावा नसतो. पण आत गॅसची शेगडी आहे, विजेच्या जुन्या वायरी आहेत, आणि म्हातारीच्या हातात काही नाही. लहान लेकरांच्या बाबतीतही तेच. आतून किल्लीशिवाय उघडता येईल असं एक तरी दार घराला हवंच. नव्या पद्धतीच्या दोन्हीकडून किल्ली लागणाऱ्या कुलपांचा मला म्हणूनच धाक वाटतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्री अशी कुलपं आतून लावून किल्ली कपाटात ठेवतात. ऐन वेळी अंधारात, धुरात ती किल्ली कोण शोधणार?

आणि बाईला शिक्षा म्हणून बाहेरून कडी घालणं, हे तर आपल्याकडे ‘घरगुती मामला’ म्हणून चालतं. तो मामला नाही, गुन्हा आहे. कुणालाही असं अडकवून ठेवणं भारतीय न्याय संहितेतही शिक्षेला पात्र आहे, आणि आधीच्या दंड विधानातही होतंच.

याच्या बरोबर उलट प्रकार मी जास्त पाहते. भांडण झालं, ती चार दिवस माहेरी गेली, परत आली तर दाराचं कुलूप बदललेलं. कधी कुलूप, कधी अख्खं दारच. ‘दार खराब झालं होतं म्हणून बदललं’ असं उत्तर तयार असतं. तिच्या पर्समधली किल्ली आता कुठल्याच दाराला लागत नाही. पोरं आत, तिचे कपडे आत, कागदपत्रं आत, आणि ती ओट्यावर. शेजारीपाजारी पडद्याआडून बघतात. अशा वेळी बहुतेक जणी तिथूनच परत फिरतात, कारण त्यांना वाटतं घर त्यांच्या नावावर नाही म्हणजे हक्कही नाही.

इथं जरा नीट वाचा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे बाईला एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, त्या घरात तिची मालकी असो वा नसो. तिला बाहेर काढायचं तर कायद्याच्या मार्गानंच, कुलूप बदलून नाही. कलम १९ प्रमाणे मॅजिस्ट्रेट तसा आदेश देऊ शकतात. मधल्या काळात, २००६ च्याच डिसेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या बत्रा खटल्यातल्या निकालानं हा हक्क पातळ झाला होता. घर सासूच्या नावावर असेल तर ते ‘एकत्र राहतं घर’ नाही, असा अर्थ निघाला. चौदा वर्षं कितीतरी बायका त्या एका वाक्यापायी दाराबाहेर राहिल्या. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी सून जिथं संसार करत राहिली ते तिचं राहतं घर ठरू शकतं. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, आणि १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. हे तीन धागे भाच्यांना, लेकींना, कामाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा.

माहेरच्या दाराचंही तसंच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ नावाची एक खिटी होती. बापाच्या घरात लेकीचा वाटा मान्य, पण कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी तिनं मागायची नाही, पुरुष वारस आपापले वाटे वेगळे करतील तोवर थांबायचं. त्या घरात राहायचा हक्कसुद्धा ती अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच. नांदत्या लेकीला माहेरचं दार कायद्यानंच पाहुणीचं होतं! ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम काढून टाकलं गेलं. कायद्यातून खिटी निघाली, भावांच्या मनातून कितपत निघाली हे रक्षाबंधनाला ज्या लेकी ‘हक्कसोड’वर सही करून येतात त्यांना विचारा.

आता चौकटीच्या पूजेबद्दल बोलते, कारण हे मला फार दिवस खुपतंय. नवीन दाराची चौकट उभी करताना आपल्याकडे पूजा करतात. हळदकुंकू वाहतात, आंब्याचा डहाळा बांधतात, सवाष्णींच्या हातून ओवाळतात. चांगलीच चाल आहे, लाकडाला आणि सुताराला मान देण्याची. पण ते घर ज्या बाईनं मजुरी करून, गटाचं कर्ज काढून, ग्रामपंचायतीत शंभर चकरा मारून उभं केलं, ती विधवा असली की तिला मागे उभं करतात. तिच्या घराची चौकट, तिचे पैसे, आणि कुंकू लावणार जाऊ. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरांची आपल्या वऱ्हाडात काय कमी आहे? त्या घरांतल्या बायकाच आज घरं बांधताहेत, मुलं शिकवताहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावानं ४ मे २०२२ रोजी ठराव करून विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्या वाटेनं जायला सांगितलं. परिपत्रक आलं, फाइलला लागलं. आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी मात्र आपल्या चौकटीची पूजा स्वतः केली. एका ठिकाणी भटजी थोडे घुटमळले, सुतार मात्र पटकन म्हणाला, ‘जिची चौकट तिनंच करावं ना.’ मला तो सुतार फार आवडला.

बरं, आता प्रत्यक्ष दार बदलायचं तर काय बघायचं? कारण नुसतं हक्कांवर बोलून दार लागत नसतं.

आधी चौकट वाजवून बघा. खालचा वीतभर भाग, जिथं लाकूड फरशीला टेकतं, तिथून उधई चढते. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो आत गेला तर चौकटही बदलावी लागेल. टणक असेल तर चौकट ठेवा, फक्त झडप बदला, निम्मं काम वाचतं. चौकट बदलताना तिची रुंदी बाहेरून साडेतीन फूट तरी ठेवा, म्हणजे आत मोकळी जागा तीन फुटांच्या आसपास मिळते. व्हीलचेअरसाठी सरकारी निकष ९०० मिलिमीटरचा आहे, तोही साधारण एवढाच. आज व्हीलचेअर नसेल, पण घरात म्हातारपण सगळ्यांनाच येणार आहे. उंबरठा ठेवायचा तर ठेवा, लक्ष्मीची पावलं त्यावर उमटवायची असतात, मलाही आवडतं. मात्र तो बोटभर उंचीचाच असू द्या. पाय अडकून पडलेल्या आणि खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत.

सागवान उत्तमच, पण ते वाळलेलं हवं. ओलं लाकूड लावलं की उन्हाळ्यात त्याला चिरा जातात. फ्लश डोअर घेणार असाल तर बाहेरच्या दारासाठी पाण्यात टिकणारं मागा, आयएसआयचा शिक्का आणि आयएस २२०२ हा क्रमांक बघून घ्या. आतल्या खोलीचं स्वस्त दार समोर लावलं की दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. प्लास्टिकचं दार न्हाणीला ठीक, समोरच्याला नाही. लोखंडाचं किंवा स्टीलचं दार पश्चिमेला असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात हात लावून बघा! वर छज्जा नसेल तर आधी छज्जा करा, दार नंतर.

लाकडी दाराला रंग देताना रंगारी पुढची-मागची बाजू झकास रंगवतो आणि वरची-खालची कड कोरी सोडतो. पाणी तिथूनच शिरतं. दार बसवायच्या आधीच खालच्या कडेला दोन हात मारून घ्या. रंग परवडत नसेल तर जवसाचं उकळलेलं तेल, आपल्या विदर्भाचंच पीक आहे, सावकाश दोन-तीनदा जिरवा. आणि जुलैत दार फुगलं म्हणून लगेच रंधा मारायला सांगू नका. जानेवारीत ते आक्रसतं आणि मग फटीतून बोट जातं.

बिजागऱ्या जड दाराला तीन नाही, चार. खिळे नकोत, लांब स्क्रू हवेत. समोरचं दार आत उघडणारं ठेवा, म्हणजे बिजागरीच्या कांड्या आत राहतात, बाहेरून उपसता येत नाहीत. कडी, चिटकणी आणि तो दाराचा काचेचा डोळा कुणाच्या उंचीनं बसतो हे तिथं उभं राहून बघा. सुतार तो डोळा आपल्या उंचीनं लावून जातो आणि घरातल्या बाईला बाहेर कोण आलंय हे बघायला टाचा उंचवाव्या लागतात. शाळेतून येऊन एकटी थांबणारी पोरगी घरात असेल तर तिच्या उंचीचा दुसरा डोळा लावून घ्या. दुसरी साखळीही तशीच, तिच्या हाताला पोचेल अशी. लाकडी दाराच्या बाहेर जाळीचं दार जमलं तर फार बरं. उन्हाळ्यात लाइट गेली की हवा येते, आणि अनोळखी माणसाशी बोलताना मध्ये काहीतरी राहतं.

आणि किल्ल्या. कुलूप कुठल्या कंपनीचं हवं यावर घरात तासभर चर्चा होते. (आपल्याकडे कुलपाला गोदरेज म्हणायची सवय उगाच नाही पडली. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत सुरुवात केली ती कुलपांपासूनच.) कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात त्या कुणाकुणाकडे जाणार यावर मात्र चर्चा होत नाही. एक नवऱ्याकडे, एक मुलाकडे, एक देवघरात. सून विचारते, ‘मला?’ ‘तुला कशाला, तू घरीच असतेस.’ या एका वाक्यात किती घरं आली! सुनेला किल्ली पहिल्या दिवशी द्या. बोटांच्या ठशानं उघडणारी नवी कुलपं आली आहेत, त्यांत कुणाचा ठसा घातला आणि कुणाचा काढला हे एका मोबाइलवरून ठरतं, म्हणून तो मोबाइल कुणाच्या खिशात आहे हेही आधीच विचारून ठेवा.

दारावरच्या पाटीबद्दल फार लिहीत नाही. १ मे २०२४ पासून राज्यात जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव आलं आहे, तेव्हा पाटीवर यायला हरकत नसावी. पण पाटीपेक्षा नमुना आठ महत्त्वाचा. ग्रामपंचायतीच्या त्या घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. घरकुल योजनेतही घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे, हाच मुख्य नियम आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. घराचा उतारा तर त्याहून सोपा, त्यासाठी शेतीचे वाद आड येत नाहीत.

ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत जे बसतात त्यांच्याकडे माझं मागणं लहानसंच आहे. घरकुलाचं काम पूर्ण झालं असा शेरा मारून फोटो काढताना दाराचा फोटो दोन्ही बाजूंनी घ्यावा. बाहेरून एक, आतून एक. आतल्या फोटोत कडी दिसली नाही तर काम पूर्ण धरू नये. विधवा, परित्यक्ता आणि एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरकुलांना दार आणि कडी गावच्या निधीतून आधी द्यावी. ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, महिला सभेत तर नाहीच.

रिसोडकडच्या त्या बाईच्या दाराला वेल्डरनं नंतर आतून कडी मारून दिली, पैसेही घेतले नाहीत. मागच्या महिन्यात भेटली तर सांगत होती, ‘आता आधी झोप लागते, मंग पाऊस ऐकू येते.’ मोठीची परीक्षा झाली की तिला न्हाणीकडे जायला मागच्या भिंतीत एक छोटं दार काढायचं आहे. जुन्या घराची झडप तिनं जपून ठेवली आहे, ती तिथं बसेल का हे बघायला मिस्त्री येत्या रविवारी येतो म्हणालाय.